धाकट्याच्या चालीनं

तान्ह्या मुलाला घेऊन निघालं की किलोमीटर बाजूला ठेवावे लागतात. रस्ता मोजायचा तो तासांनी, आणि तोही दोन-दोन तासांनी. त्याहून जास्त वेळ बाळाला गाडीतल्या खुर्चीत सलग बसवू नये, असं डॉक्टर सांगतात. अर्धवट बसल्या स्थितीत झोपलेल्या बाळाची मान पुढे कलते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. म्हणून दोन तास झाले की थांबायचं, पट्टे सोडायचे, चटई अंथरायची आणि बाळाला सपाट जागेवर मोकळं हातपाय मारू द्यायचे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला लोक चार-पाच तासांत पोचतात. आम्ही उजाडता निघालो आणि दिवेलागणीला पोचलो. तो सगळा दिवस मला अजून तासातासानं सांगता येईल.

थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा नुकता रांगायला लागलेला. नवव्या महिन्यात द्यायची गोवर-रुबेलाची लस देऊन झाली, डॉक्टरांनी दोघांना तपासलं आणि फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही निघालो. श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत समुद्राच्या कडेकडेनं जायचं आणि मुक्काम तंबूत करायचा, एवढंच ठरलं होतं. कोणत्या दिवशी कुठे, हे मुद्दाम ठरवलं नव्हतं. ते धाकट्यावर सोडलं होतं.

घरातून विरोध झाला, आणि तो काळजीपोटीच होता. सासूबाईंचा रोख तंबूपेक्षा त्या खुर्चीवर जास्त होता. “अगं, मांडीवर घे की. रडतंय ते, आणि तू त्याला बांधून कसली ठेवतेस? मी माझी सगळी मुलं मांडीवरच नेली.” मी म्हटलं, “आई, तेव्हा गाड्याही एवढ्या पळत नव्हत्या.” त्यांना ते पटलं नाही, आणि आईच्या मांडीहून सुरक्षित जागा कुठली, हे मलाही आतून वाटतच असतं. पण गाडी ताशी पन्नासच्या वेगानं जाऊन कशावर आदळली, तर आठ किलोचं बाळ त्या क्षणापुरतं शंभर-दोनशे किलोंच्या जोरानं पुढे झेपावतं. कुठल्याच आईच्या हातात तेवढी ताकद नसते. माया कितीही असो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं किंवा त्याच्यासाठीच्या खास आसनात सुरक्षित बसवलं नाही, तर १,००० रुपये दंड आहे. दंडाच्या भीतीनं कुणी खुर्ची घेणार असेल तर तसंही चालेल. नऊ महिन्यांच्या बाळाची खुर्ची मागच्या सीटवर आणि मागे तोंड करूनच बसवायची. त्याची मान अजून कोवळी असते, आणि धक्का बसला तर तो सगळ्या पाठीवर पसरला पाहिजे.

रडला तर? थांबायचं. याला दुसरं उत्तर नाही. चालत्या गाडीत पट्टा सोडून पाजायला घ्यायचं नाही, हा आमच्या दोघांतला एकमेव कडक नियम होता. त्यामुळे मुळशीच्या पाण्याच्या काठानं जाताना किती ठिकाणी थांबलो याची गणती नाही. एकदा थांबलो तिथे पांगारा फुलला होता, पान एकही नाही आणि झाडभर लाल फुलं. बुलबुल आणि साळुंक्या त्यावर अक्षरशः तुटून पडल्या होत्या. मी दगडावर बसून पाजत होते, थोरली खाली पडलेल्या फुलांच्या नखांसारख्या पाकळ्या बोटांना लावून बघत होती.

घाट लागला तसं थोरलीचं तोंड उतरलं. गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा होत नाही. तो पुढे सुरू होतो. त्यामुळे धाकटा वळणावळणानं शांत झोपला आणि थोरली कावरीबावरी झाली. तिच्या हातातलं चित्रांचं पुस्तक काढून घेतलं, काच खाली केली, लांबचा डोंगर दाखवत राहिलो. पोट पूर्ण रिकामंही ठेवायचं नाही आणि गच्चही भरायचं नाही. दोन घास मऊ भात आणि थोडं थोडं पाणी. तरी उलटी झाली. झाली तर झाली, कपडे बदलले, जरा चाललो, वारा खाल्ला. त्यानंतर ती म्हणाली, “आता बरं वाटतंय, आता मला भूक लागलीये.” लहान मुलांची दुखणी लवकर येतात आणि लवकर जातात, वाईट वाटून घेण्यात आपलाच वेळ जास्त जातो.

घाट उतरून माणगाव मागे टाकलं आणि म्हसळ्याच्या वाटेवर, भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांमध्ये, एक धनगरवाडा उतरलेला दिसला. आमचे दोन तास होतच आले होते, तिथेच थांबलो.

दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात चार-पाच महिने फिरतात आणि पावसाच्या आत परत वर जातात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही, आणि देशावर हिवाळ्या-उन्हाळ्यात चारा नसतो. ज्याच्या शेतात मेंढरं बसतात त्याला लेंड्या-मुताचं खत मिळतं. त्याबद्दल तो धान्य देतो नाही तर पैसे देतो. पुरुष आणि मोठी मुलं मेंढरांमागे गेलेली असतात. बिऱ्हाड असतं बायकांच्या ताब्यात. घोड्यावर भांडी, मेंढरं कोंडायची वाघरीची जाळी, घोंगड्या, कोंबड्या, दोन-चार दिवसांची कोकरं, आणि या सगळ्याच्या वर, नीट आवळून बांधलेलं, लहान मूल.

तिथे माझ्याच वयाची, किंवा माझ्याहून लहानच, एक बाई चुलीपाशी होती. तिचं बाळ घोंगडीवर बसून एका पळीशी खेळत होतं. तिनं धाकट्याकडे बघून विचारलं, “किती म्हैन्याचं हाय, ताई?”

“नऊ झाले.”

“माझं धा म्हैन्याचं. चालतंय का तुमचं?”

“रांगतो अजून.”

मी तिला विचारलं, एवढ्या लहान बाळाला घेऊन रोज कसं चालता? तिला प्रश्नच नीट कळला नाही, असं वाटलं. मग म्हणाली, “ह्यास्नी घिऊन उन्हाचं न्हाई चालायचं. पाटंचं निघायचं, ऊन तापायच्या आत बिऱ्हाड उतरवायचं. आन् मेंढी व्याली का थांबायचं. कोकराला उभं ऱ्हायला जमंस्तोवर कुटं जायचं?”

मला ते ऐकून फार बरं वाटलं. आम्ही दोघं आठवडाभर डोकं खाजवून जे वेळापत्रक आखत होतो, ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं होतं. कळपात सगळ्यांत लहान कोण आहे ते बघायचं, आणि त्याच्या चालीनं सगळ्यांनी चालायचं. हा काही त्याग नाही. रस्त्यावरच जगणाऱ्यांची ही रीत आहे, आणि ती पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. पुढच्या सगळ्या प्रवासात आम्ही पहाटेच निघालो. धाकटा झोपेतच खुर्चीत जायचा, ऊन चढेपर्यंत आम्ही पुढच्या मुक्कामी असायचो, आणि मग अख्खा दिवस मुलांचा.

तिचं रस्त्यावर असणं आणि माझं असणं एक नाही, हेही लिहिलं पाहिजे. मी परत जाणार होते त्या घरात नळाला पाणी आहे आणि गल्लीत दवाखाना आहे. तिच्या मोठ्या मुलीचं नाव गावाकडच्या शाळेत आहे, पण वर्षातले किती तरी महिने मुलगी इथे, खाचरात, कोकरं सांभाळत. बाळाच्या लशींचं विचारलं तर म्हणाली, गावाकडं असताना दिल्या, पुढच्या राहिल्यात. लसीचं कार्ड तिनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलं होतं. आपल्याकडची कुठलीही अंगणवाडी, कुठलंही आरोग्य केंद्र त्या बाळाला लस देऊ शकतं आणि दिली पाहिजे; बाळ कुठल्या तालुक्याचं हे विचारायची वेळच येऊ नये. मी तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता विचारून घेऊन सांगितला. ती गेली की नाही, मला माहीत नाही. मनात मात्र ते बाळ आहे.

श्रीवर्धनला आमचा तंबू एका वाडीत लागला. कोकणात वाडी म्हणजे घरामागची नारळी-पोफळीची बाग, आणि श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. या वाडीत मधोमध मोकळी जागा होती. घरच्या आजी म्हणाल्या, ३ जून २०२०ला निसर्ग वादळ इथेच येऊन धडकलं, तेव्हा पोफळी अशा आडव्या झाल्या की घरातून समुद्र दिसायला लागला. जन्मभर त्या घरातून कधी समुद्र दिसला नव्हता. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला वर्षं जातात; तोवर काय करायचं म्हणून मुलानं मोकळ्या जागेत तंबू ठेवायला सुरुवात केली. नवी रोपं लावली आहेत. थोरली त्या वादळानंतर जन्मलेली. ती रोपांमधून धावत होती आणि रोपं तिच्याहून बरीच उंच होती.

तंबू कुठे लावायचा याबद्दल एक गोष्ट कोकणात न जन्मलेल्यांनी लक्षात ठेवावी: माडाखाली कधीही नाही. झावळी पडते, नारळ पडतो, आणि वारा नसतानाही पडतो. वाळूवर भरतीच्या रेषेच्या आतही नाही. भरतीची वेळ कशी काढायची ते आजींच्या मुलानं सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती, आणि सहा तास आधी, साडेदहाला, ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला भरती आणि तीही उधाणाची. मिनिटाचा हिशेब यात नाही, पण मुलांना किनाऱ्यावर कधी न्यायचं हे ठरवायला तेवढं पुरतं. आम्ही ओहोटीलाच जायचो, खडकांमधल्या डबक्यांत छोटे मासे, शंख घेऊन चालणारे खेकडे बघायचो. पाणी घोट्याएवढं असलं तरी मूल हाताच्या अंतरावर, आणि दोघांपैकी एकाचं लक्ष फक्त पाण्याकडे.

धाकट्याला त्या वयात परकी माणसं चालत नव्हती. आठव्या-नवव्या महिन्यात बहुतेक बाळांचं तसं होतं, ओळखीचं आणि अनोळखी यांतला फरक कळायला लागलेला असतो. आजींनी हात पुढे केले, “आण गो बाय हिकडं त्याला,” आणि तो असा रडला की मलाच कसंतरी झालं. आजींना काही वाटलं नाही. त्या ओटीवर सुपारी सोलत होत्या. पहिल्यांदा त्यांनी सोललेली सुपारी भरलेलं सूप उचलून आत ठेवलं. रांगतं मूल आणि सुपारी एका ओटीवर नको, हे कुणी न सांगता. मग त्याच्याकडे न बघता, दोन हात अंतरावर बसून, गुणगुणत झाडू बांधत राहिल्या. तासाभरानं तो रांगत त्यांच्या मांडीपाशी गेला. दुसऱ्या सकाळी त्यांनीच चुलीवर पाणी तापवलं, पाय पसरून त्याला पायांवर घेतलं आणि चोळून न्हाऊ घातलं. बाळंतपणानंतर माझ्या आईनं जसं घातलं होतं, अगदी तसं. मी बाजूला उभी होते आणि मला हुंदका आला. थकवा असेल. पण कुणी तरी आपलं मूल तासभर आपल्याहून हुशारीनं सांभाळतंय, हे किती मोठं सुख आहे ते आईलाच कळतं.

रात्रीचं सांगते, कारण लोक सगळ्यांत जास्त तेच विचारतात. जागा रोज बदलली तरी झोपायचा क्रम आम्ही बदलला नाही. हातपाय धुणं, मऊ भात, तूप-मेतकूट, कपडे, तंबूची चेन, घरून आणलेली तीच गोधडी, तीच अंगाई. दुपारची झोप सुरूच्या दोन खोडांना बांधलेल्या साडीच्या झोळीत, माझ्या डोळ्यांसमोर. रात्री मात्र झोळी नाही, मऊ उशा नाहीत. सपाट, कडक अंथरुणावर उताणा, माझ्या शेजारी. पहाटे दव पडतं आणि श्वासाच्या वाफेनं तंबू आतून ओला होतो, म्हणून वरची खिडकी उघडी ठेवायची आणि जाळी लावलेली. थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, निखारे किंवा गॅस कधीही नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस जागंच होत नाही. टोपडं, एक जास्तीचा अंगरखा आणि आईची ऊब पुरते. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कुणाला कंटाळा आला तरी.

विंचवाची भीती मलाही होती. कोकणातला लाल विंचू लहान मुलांसाठी फार घातक, त्याच्या विषानं हृदयावर ताण येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडातल्या खेड्यापाड्यांत काम करताना, रात्र रात्र रुग्णांच्या उशाशी बसून, या विषावर प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं साधं औषध उपयोगी पडतं हे दाखवून दिलं, आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज कोकणात आपण मुलांना घेऊन निर्धास्त झोपतो त्यात त्यांचा वाटा आहे, असं मी मानते. आम्ही काय करत होतो? चपला-बूट तंबूच्या आत, घालण्याआधी उलटे करून झटकायचे. चेन एक मिनिटही उघडी नाही. अंधारात मूल जमिनीवर अनवाणी नाही. आणि प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर पहिला प्रश्न, तालुक्याचं सरकारी रुग्णालय किती लांब, आणि इथे फोनला रेंज कुठे मिळते. रेंज नसेल तर १०८ लावणार कुठून?

लंगोट-दुपटी घरातून भरपूर नेली होती. धुवायची, दोरीवर टाकायची, समुद्राच्या वाऱ्यावर बघता बघता वाळायची. रात्रीपुरते आणि गाडीपुरते डायपर. वापरलेले डायपर आम्ही वेगळ्या बंद डब्यात पुण्यापर्यंत परत आणले. गावांकडे त्याची विल्हेवाट लावायची काही सोय नाही. वाळूत पुरलं तर कुत्री उकरतात आणि पुढच्या भरतीला ते पाण्यात जातं. ज्या किनाऱ्यावर आपलं मूल रांगलं, तिथे एवढं तरी करायलाच हवं.

हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडल्याला सावित्री नदी समुद्राला मिळते. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे वेसवीला उतरायचं. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण थोरलीसाठी सगळ्या सहलीतला सर्वांत मोठा. गाडीच पाण्यावरून चालली होती! पलीकडे बाणकोट, आणि मग वेळास.

वेळासला २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि मग गावानं ते आपलं मानलं. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. कार्यकर्ते ती अंडी काढून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुन्हा तशाच खोल खड्ड्यात पुरतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, आणि सकाळ-संध्याकाळ ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूत सोडतात. चालत जायचं ते पिल्लांनीच. कुणी हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी मोजकीच पिल्लं होती. थोरली दोरीपाशी उकिडवी बसली. एक पिल्लू लाटेनं दोनदा उलटं मागे फेकलं गेलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “त्यांची आई कुठेय?”

“समुद्रात.”

“ती त्यांना घ्यायला येणारे?”

खोटं सांगायला मला जमलं नाही. म्हटलं, “नाही गं. ती अंडी ठेवून गेली. त्यांना एकट्यानंच जायचं असतं.”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठली आणि धाकट्याचा पाय घट्ट धरून उभी राहिली, मी त्याला कडेवर घेतलं होतं तिथे, पिल्लू दिसेनासं होईपर्यंत. रात्री गोधडीत शिरून तिनं विचारलं, आता ती झोपली असतील का. मी सांगितलं, ती रात्रभर पोहतात. त्यावर, “मग ती दमली की कोण थांबवतं त्यांना?” या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

आता हे सगळं त्यांच्या लक्षात राहणार का? हा प्रश्न निघण्याआधीही विचारला गेला आणि परत आल्यावरही. नाही राहणार. मोठ्या माणसांच्या सर्वांत जुन्या आठवणी सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात. त्याआधीचं पुसलं जातं. थोरलीला कदाचित फेरीबोट आठवेल, धाकट्याला काही नाही. पण मग नऊ महिन्यांच्या मुलासाठी केलेलं कुठलंच काही त्याला आठवणार नसतं. त्याला न्हाऊ घातलेलं आठवणार नाही, म्हणून कुणी न्हाऊ घालायचं सोडतं का? त्या दिवसांत त्याला वाळू कळली, वारा कळला, एका परक्या आजीची मांडी आपली होऊ शकते हे कळलं. परत आल्यावर एकदा मी बॅगेची चेन ओढली, आणि तो खेळ सोडून, मान वर करून, हसत माझ्याकडे झेपावला. तंबूत झोपायची वेळ झाली, असं त्याला वाटलं. आठवणीचं काय असायचं ते असो, त्या क्षणी त्याला ते माहीत होतं.

पुढच्या वर्षी पुन्हा जायचं आहे, गुहागरच्या पुढे, तवसाळहून फेरीनं जयगडला उतरून खाली. पण तेव्हा धाकटा नुसता चालणारा नाही, पळणारा असेल, आणि हाक मारली तरी न थांबणाऱ्या वयाचा. कोकणातल्या जुन्या वाड्यांमध्ये विहिरी जमिनीसपाट असतात, कित्येकींना कठडा नसतो. त्यामुळे यंदा फोन केला की आम्ही भाडं, जेवण, समुद्र किती लांब, हे सगळं नंतर विचारतो. आधी विचारतो, “काका, वाडीतल्या विहिरीला कठडा आहे का?” परवा एका काकांनी फोनवर थोडा विचार करून सांगितलं, कठडा नाही, पण तुम्ही येणार असाल तर मे महिन्यात बांधून घेतो, माझी नात पण तेवढीच आहे. त्यांच्याकडे जायचं नक्की केलं आहे.